पेरा आमोसचा रिकामा चौरंग

१

आमच्या संत मरीनामायचं चित्र चोरून बोहुमिलला काय मिळणार होतं, ते आधी बघू. टांगायला भिंत नाही. त्याचं घर म्हणजे झाऊच्या झाडांत ताणलेला तंबू. विकायला गिऱ्हाईक नाही. लेफ्कोनिसी बेटावर मरीनामायला न ओळखणारं मांजरसुद्धा सापडायचं नाही, आणि बेटाबाहेर जाणाऱ्या बोटीवर सगळी आपलीच माणसं. पुण्य म्हणाल, तर हा चेक देशातला म्हातारा आमच्या पंथाचा नाही. कित्येक उन्हाळे इथे काढले, पण चर्चच्या उंबऱ्याशी टोपी काढून उभा राहतो, आत पाऊल टाकत नाही. म्हणजे जमेच्या बाजूला काहीच नाही. तरी सकाळी चौरंग रिकामा दिसला तेव्हा पहिलं नाव निघालं ते त्याचंच. कारण उरलेली सगळी नावं आमची होती.

पेरा आमोसला रस्ता नाही. बोटीनं या, नाहीतर शेळ्यांच्या वाटेनं डोंगर उतरा. वाळू, झाऊ, एक विहीर, मरीनामायचं एवढंसं चर्च आणि त्याला लागून जेवणाची पडवी. एरवी इथे बोहुमिल आणि शेळ्या. जुलैत जत्रेला मात्र अख्खं गाव लोटतं.

चित्र इथे राहत नाही. ते वर्षभर यजमानाच्या घरी असतं. जत्रेच्या आदल्या दिवशी यजमान ते बोटीनं आणतो, चर्चमधल्या चौरंगावर ठेवतो, गावाला जेवू घालतो. दुसऱ्या सकाळी प्रार्थना झाली की ते नव्या यजमानाच्या हाती जातं. नव्या घराच्या दारात घरची बाई धूपाटणं घेऊन उभी असते, गाव तिच्या मागोमाग आत शिरतं, आणि मग वर्षभर ते दार उघडं. कुणीही यावं, मेणबत्ती लावावी, कॉफी प्यावी, स्वयंपाकघरात डोकावून जावं.

यंदाची यजमान कालिरोईआजी. चित्र जायचं होतं आर्गिरिसकडे. हा बोटी दुरुस्त करतो. हात सोन्याचे, तोंड मिटलेलं.

आदल्या संध्याकाळी जेवणं झाली, व्हायोलिन झालं, नाच झाला आणि गाव नीकितासच्या बोटीनं घरी गेलं. वस्तीला राहिलो ते आम्ही मोजके. ग्रिगोरिस पाद्रीबाबा, कालिरोईआजी, आर्गिरिस, गावाला सोडून परत आलेला नीकितास, झाडांत बोहुमिल, आणि पडवीत मी न् एव्दोकियामावशी. मावशीचा गुडघा बोटीत चढायला तयार नव्हता, आणि मी तिचा भाचा, म्हणजे मला मत नव्हतं.

सकाळी गाव दुसऱ्या बोटींनी परत आलं, तेवढ्यात आजीची किंकाळी ऐकू आली.

चौरंगावर चित्र नव्हतं. चित्रावर जी फीत असते, नवसाचे चांदीचे डोळे, पाय, तान्ही बाळं ओवलेली, ती मात्र होती. नीट घडी घालून ठेवलेली. समोरचा दिवा तेलानं काठोकाठ भरलेला, शांत जळत होता.

कुणीतरी म्हणालं, "तो परदेशी."

मग आम्ही झाऊकडे निघालो. पहिली दोरी कुणी कापली ते कुणीच पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं. तंबू बसला. कापड टरटर फाटलं. पातेलं, पुस्तकं, मेलेल्या बायकोचा फोटो, सगळं वाळूवर आलं. बोहुमिल बाजूला उभा होता. दोन्ही हात जरा वर धरलेले, आपण काही हिसकावत नाही हे दिसावं म्हणून.

"हे बघा!" नीकितास ओरडला. त्याच्या हातात चर्चची तेलाची बाटली होती. "आता बोला!"

रेडिओवरून पोलिसांना कळवलं. दुपारपर्यंत त्यांची बोट येणार होती.

एव्दोकियामावशी काठी टेकत मागून पोचली. "चित्र सापडलं?"

"नाही, पण तेल—"

"चित्र सापडलं नाही. मग फाडलात कशाला, पुन्हा शिवायला?" तिनं फाटक्या कापडाला काठीनं टोचलं. "स्त्राटिस, खुर्ची आण. बोट येण्याआधी मला चारच माणसांशी बोलायचंय. आणि त्यातला एक चोर आहे."

२

मावशी मुख्य भूमीवर तपास न्यायाधीश होती. निवृत्त होऊन आली तेव्हा गावाला वाटलं, आता आपल्याला फुकट सल्ला मिळेल. मिळतो. पण ऐकल्यावर मागितला नसता तर बरं, असं वाटतं.

पहिला बोहुमिल. तो आमची भाषा बोलतो, फक्त प्रत्येक शब्द आधी तपासून घेतो.

"तेल कुठून आणलंस?"

"कालिरोईबाई दर वर्षी देतात. चर्चच्या बाहेरच्या कोनाड्यातला दिवा मी लावतो. बोटींना दिसावा म्हणून."

"हे मघाशी का नाही सांगितलंस?"

त्यानं वाळूकडे पाहिलं. "त्या उभ्या होत्या तिथेच. मला वाटलं, त्या सांगतील."

मावशीनं मग विचारलं, "रात्री काय ऐकलंस?"

"वारा. मग कुणीतरी विहिरीशी हात धूत होतं. खूप वेळ."

दुसरा नीकितास. बोट त्याची, इंजिन त्याचं, आवाजही इंजिनाचा.

"मावशी, मला कशाला विचारता? चोर तिकडे बसलाय!"

"रात्री बोट हलली?"

"दोरी बांधलेली होती. मी तिच्यावरच झोपलो. माझ्या नकळत मासासुद्धा चढला नाही."

"म्हणजे चित्र अजून इथेच आहे."

"असेल. पुरलं असेल त्यानं."

"या वाळूवर खुर्च्या आणि छत्र्या टाकायच्या, थंड पेयांचं दुकान काढायचं, असा अर्ज कुणी केलाय रे?"

नीकितासची मान लाल झाली. "मग? पोरांनी खायचं काय, देखावा?"

"आणि त्या अर्जावर हरकत कुणी घेतली?"

"त्यानंच! पाहुणा येतो आणि आम्हालाच शिकवतो, इथे कासवं अंडी घालतात म्हणून. कासवांना मत आहे, मला नाही!"

"म्हणजे तो गेला तर तुझा फायदा."

"फायदा आहे. तो मी ओरडून घेईन. देवाचं उचलून नाही घेणार."

मला वाटलं, झालं. गणित सुटलं. नीकितास गेल्यावर मी मावशीच्या कानाशी लागलो. "हाच. दुसऱ्या कुणाला इतका लाभ नाही."

"स्त्राटिस, तुझं दुकान चालतं तरी कसं?" मावशी म्हणाली. "त्यालाच बोहुमिलला अडकवायचं असतं, तर चित्र कुठे सापडलं असतं?"

अर्थातच तंबूत.

"आता आजीला बोलाव. ती तेव्हा गप्प का बसली, ते मला ऐकायचंय."

३

कालिरोईआजी चर्चच्या पायरीवर बसली होती. काळी शाल, तिच्यात दडवलेले हात.

"तेल तू दिलंस."

"दिलं."

"तंबू फाडत होते तेव्हा बोलली नाहीस."

"मला विचारलं कुणी?"

"कालिरोई."

आजी हमसून रडायला लागली. मोठ्या माणसाचं रडणं बघवत नाही. मी समुद्राकडे बघितलं.

"सगळे ओरडत होते गं. मी बोलले असते तर म्हणाले असते, म्हातारी त्याला सामील आहे. आणि मला..." ती थांबली. "मला वाटलं, बरं झालं."

"काय बरं झालं?"

"चित्र गेलं ते. आर्गिरिसकडे जाणार नाही ते. वर्षभर माझ्या दारात चपला असायच्या, एव्दोकिया. माझा नवरा गेला तेव्हासुद्धा एवढी माणसं आली नव्हती. रोज कुणीतरी यायचं. साखर किती? असं मी विचारायचे नाही, लोकच कॉफी करताना मला विचारायचे. उद्यापासून पुन्हा ती खुर्ची आणि ते घड्याळ. मी उचललं नाही. पण ते नाहीसं झालेलं पाहिलं तेव्हा आधी आनंद झाला, मग ओरडले. या क्रमानं. आता बोल मला काय बोलायचं ते."

आजीनं मग आपण होऊनच विचारलं, "त्याच्या बायकोचा फोटो फाटला का?"

"वाकलाय."

आजी उठून चालायला लागली, थोडी गेली आणि परत आली. बोहुमिलपाशी जायचा धीर झाला नाही.

"हिनंही घेतलं असेल," मी हळूच म्हटलं. "रडणं खरं असलं म्हणून काय झालं?"

"घेतलं असेल," मावशी म्हणाली. "चित्र कुठे आहे यावर ते ठरेल. काल संध्याकाळी पाव खाल्लास ना?"

"कुठला पाव?"

"आर्गिरिसचा. आशीर्वादाचा."

संध्याकाळच्या प्रार्थनेत नव्या यजमानाच्या घरचे पाच गोड पाव ठेवतात, मग तुकडे करून सगळ्यांना वाटतात. मी दोन वेळा हात पुढे केला होता, पण ते इथे सांगायची गरज नाही.

"चांगला होता," मी म्हटलं. "त्याच्या बायकोच्या, फोतिनीच्या हाताला चव आहेच."

"मला दात नाहीत, म्हणून मी खालचं कवच काढून ठेवते," मावशी म्हणाली. "त्यामुळे मी खालची बाजू पाहिली."

आणि ती कुणाला काही न सांगता आर्गिरिसच्या दिशेनं चालायला लागली.

४

आर्गिरिस बोहुमिलचा तंबूचा खांब सरळ करत होता. कुणी सांगितलं नव्हतं. चांगला कारागीर, मोडलेलं दिसलं की हात जातो.

"फोतिनी दिसली नाही, आर्गिरिस."

"लेकीकडे गेलीय मावशी, पिरेअसला. बाळंतपण जवळ आलंय."

"आठवडा झाला नाही का?"

"मागच्या बोटीनं गेली. पाव भाजून गेली, म्हणाली जत्रेत कमी पडायला नको."

"गुणाची बाई. म्हणजे पाव आठवड्याचे होते."

"हो... फडक्यात गुंडाळून ठेवले होते."

"घरच्या विटांच्या भट्टीत भाजले?"

"दुसरं कुठे भाजणार?"

"विटांवर भाजलेल्या पावाच्या तळाला राख लागते, आर्गिरिस. तुझ्या पावाच्या तळाला चौकटी होत्या, बेकरीच्या जाळीच्या. आणि आठवडाभरानं तो माझ्या हिरड्यांना चावला गेला नसता. काल तो कापसासारखा होता."

खांब त्याच्या हातात तसाच राहिला.

"शर्टही नवा आहे," मावशी हळू आवाजात म्हणाली. "खोक्यातल्या घड्या जशाच्या तशा आहेत. कॉलरमागे टाचणी राहिलीय, मघापासून टोचत असेल. ज्या घरात बाई असते, किंवा इस्त्री करणारा पुरुष असतो, तिथला माणूस जत्रेला असा येत नाही."

आर्गिरिसनं कॉलरमागे हात घातला. टाचणी निघाली. तो तिच्याकडे बघत राहिला.

"मी काही घेतलं नाही," तो म्हणाला.

"मी कुठे म्हटलं घेतलंस म्हणून?" मावशी म्हणाली. "चल चर्चकडे. तू, स्त्राटिस, पाद्रीबाबांना बोलाव. आणि त्या समुद्राकडे बघू नकोस, बोट दिसायला लागली आहे ते मलाही कळतंय."

५

चर्चमध्ये आम्ही चौघं. बाहेर गाव, दारात कान.

मावशी गाभाऱ्यापुढच्या लाकडी भिंतीपाशी थांबली. तिथून पुढे बाई जात नाही. ती थांबली म्हणजे तिचा विश्वास किती होता हे मला ठाऊक नाही, पण ती थांबली.

"पाद्रीबाबा, ज्यानं चित्र उचललं त्यानं आधी चांदी उतरवली, घडी घातली आणि ठेवली. चोर उलट करतो, चांदी नेतो आणि लाकूड टाकतो. याला दुसऱ्यांच्या नवसांना हात लावायची भीती वाटली. मग त्यानं दिव्यात तेल घातलं, आणि विहिरीवर जाऊन खूप वेळ हात धुतले. हा माणूस मरीनामायला वाळूत पुरेल? शेळ्यांच्या गोठ्यात ठेवेल?"

"नाही," पाद्रीबाबा म्हणाले.

"बोट हलली नाही. तंबू आपण पाहिला, फाडून पाहिला. पडवी, विहीर, झाडं, सगळं धुंडाळलं. एकाच जागी कुणी पाहिलं नाही. कारण परदेशी तिथे जाणार नाही अशी आपली खात्री, बायका जात नाहीत, आणि तिथे तुमच्याशिवाय कुणाचा वावर नसल्यामुळे तिथे काही नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं."

पाद्रीबाबांनी मागे वळून गाभाऱ्याकडे पाहिलं.

"वेदीचं कापड जमिनीपर्यंत आहे," मावशी म्हणाली. "वर उचला."

आत कापड सळसळलं. पाद्रीबाबा बाहेर आले तेव्हा मरीनामाय त्यांच्या छातीशी होती. खाली स्वच्छ पांढरा टॉवेल अंथरून ठेवली होती, जशी झोपलेल्या पोराला ठेवतात.

"कालिरोई गाभाऱ्याच्या उंबऱ्याच्या आत गेली नसती," मावशी म्हणाली. "बोहुमिल तर चर्चच्याच आत येत नाही. नीकितासला ती तंबूत सापडलेली हवी होती. उरलं कोण?"

आर्गिरिस भिंतीला टेकून खाली बसला.

"फोतिनी उपासाच्या दिवसांतच गेली," तो म्हणाला. "ईस्टरच्या आधी. शिवणयंत्र घेऊन गेली, म्हणजे परत येणार नाही. लेकीनं मला एकदाही फोन केला नाही. चित्र घरी आणायचा नवस मी मागच्या वर्षी बोललो होतो, सगळ्यांसमोर, घर भरलेलं असताना. मग म्हटलं, येईल जत्रेपर्यंत. मग म्हटलं, सांगेन कुणाला तरी. दारात धूपाटणं कोण धरणार, मावशी? सगळं गाव आत येणार. कपाट उघडं, तिची बाजू रिकामी. मला फक्त एक वर्ष हवं होतं. चित्र दोन दिवसांनी सापडलं असतं, जत्रा संपलेली असती, ते आजीकडेच राहिलं असतं. कुणाचं काही गेलं नसतं."

"कुणाचं काही गेलं नसतं," मावशीनं तेच शब्द परत म्हटले. "तंबूची पहिली दोरी कुणी कापली?"

"मी," तो म्हणाला. "सगळे तिकडे निघाले तेव्हा मी मागे राहिलो असतो तर कळलं असतं. म्हणून पुढे गेलो. माझ्याकडे चाकू होताच."

पाद्रीबाबा चित्र धरून उभे होते. बाहेर कुजबुज वाढली होती. ते हळूच म्हणाले, "एव्दोकिया, ऐक. असं म्हणता येईल की... ती स्वतःच गाभाऱ्यात गेली. लोक मानतील. आनंदानं मानतील. आर्गिरिस वाचेल, गाव वाचेल."

"आणि तो?" मावशीनं काठी दाराकडे केली. "चमत्कार झाला म्हणून त्याला सोडलं, असं होईल. पुढच्या वर्षी कुणाची कोंबडी हरवली की पुन्हा त्याचाच तंबू."

"मग तू सांग लोकांना."

"मी नाही सांगणार. न्यायाधीश सांगतो ती शिक्षा असते. आर्गिरिस, पोलीस उतरायला अवकाश आहे. दार तिकडे आहे."

६

तो गेला. धरून न्यावं लागलं नाही, एवढं त्याच्या नावावर लिहायला हवं. पायरीवर उभा राहून त्यानं सगळं सांगितलं. पाव, शर्ट, कपाट, दोरी. आवाज चढवला नाही, त्यामुळे मागच्यांना पुढच्यांकडून ऐकावं लागलं, आणि तेच शब्द गर्दीतून पुन्हा पुन्हा फिरत राहिले. फोतिनी गेली. फोतिनी गेली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. निम्म्याजणींना ईस्टरपासून माहीत असणार. आमच्या गावात इस्त्रीचा वास न येणारं घर लपत नाही. पण माहीत आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं, तर कुणालातरी त्याच्याकडे एक ताट घेऊन जावं लागलं असतं.

पोलीस आले, वाइनचा पेला घेतला आणि परत गेले. चोरी झालीच नव्हती. तंबूचं काय, असं त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही काढलं नाही.

प्रार्थना झाली. चित्र कुणी घ्यायचं? पाद्रीबाबा घुटमळले. कालिरोईआजी पुढे आली, त्यांच्या हातून चित्र घेतलं, आणि मला वाटलं ती आता ते सोडणार नाही. तिच्या बोटांनाही तसंच वाटलं असावं. बोटं पांढरी पडली होती. मग तिनं ते आर्गिरिसच्या हातात ठेवलं.

"धूपाटणं मी धरीन," ती म्हणाली. "रिकाम्या घराचं मला ठाऊक आहे. चल."

भट्टीत रात्रभर शिजलेले चणे ताटांत आले. नीकितासनं सगळ्यांत मोठं ताट भरलं, वर मटणाचा तुकडा ठेवला आणि झाऊकडे घेऊन गेला. लांबून ओरडल्याशिवाय ज्याला बोलता येत नाही, तो जवळ जाऊन काय बोलला ते ऐकू आलं नाही. बोहुमिलनं ताट घेतलं, मान लववली आणि बाजूला ठेवलं. मग एकेक करत बरेच जण गेले. कुणी दोरी दिली, कुणी ताडपत्री देऊ केली. तो प्रत्येकाला "आभारी आहे" म्हणाला. शब्द तपासून. आम्हाला शिवी हवी होती. ती मिळाली असती तर परत देता आली असती.

संध्याकाळच्या बोटीत तो बसला. फाटका तंबू गुंडाळून मांडीवर. बसायला जागा करायची म्हणून सगळे इतके सरकले की त्याच्या दोन्ही बाजूंना बाक मोकळा राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नीकितासचा अर्ज आता कुणी अडवत नव्हतं, तरी त्यानं तो मागे घेतला. कारण विचारलं तर इंजिन सुरू करतो. पेरा आमोसवर खुर्च्या नाहीत, छत्र्या नाहीत, आणि बाहेरच्या कोनाड्यातला दिवाही नाही. ज्याला त्याला वाटतं, दुसरा कुणी लावेल.

आता बेरीज करू. आर्गिरिसनं आपलं झाकलेलं घर दिलं आणि बदल्यात वर्षभर चपलांनी भरलेलं दार मिळालं. खोटं कशाला बोला, तो फायद्यात राहिला. कालिरोईआजी रोज धूप घेऊन त्याच्याकडे जाऊ लागली. तिचीही खुर्ची सुटली. पाद्रीबाबांचा चमत्कार बुडाला, पण जत्रा झाली. एव्दोकियामावशीचा गुडघा सुजला, बरा झाला. गावानं पोटभर चणे खाल्ले. आणि या सगळ्याची किंमत एकट्यानं चुकती केली: ज्याचं नाव कुठल्याच नवसात नव्हतं, आणि जो त्या दिवशी आमच्यात जेवलाही नाही.